आश्रय कोणास द्यावयाचा? वारली चित्रांच्या निमित्तानें कांहीं विचार

कलावंतांस समाजानें आश्रय द्यावा कीं नाहीं, हा प्रश्न आतां फारसा कोणी विचारीत नाहीं. द्यावा, असें सरकार म्हणतें, श्रीमंत म्हणतात, वर्तमानपत्रें म्हणतात, आणि प्रदर्शनांतून चार चित्रें विकत घेऊन तीं दिवाणखान्यांत लावणारे आम्ही सुशिक्षित लोकहि म्हणतों. वाद उरला आहे तो रकमेचा. मानधन किती असावें, पुरस्कार किती असावेत, मंजूर झालेला पैसा वेळेवर कां मिळत नाहीं, इत्यादि. हा वाद क्षुल्लक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याची चूल त्या पैशावर पेटते त्यास तो क्षुल्लक वाटणारहि नाहीं. परंतु त्याच्या आधींचा एक प्रश्न मागें राहून जातो. आश्रय म्हणून जो पैसा आपण देतों तो नेमका कोणास पोंचतो? कलेच्या वस्तूस, कलावंताच्या नांवास, कीं ती कला एका पिढीकडून दुसरीकडे ज्या वाटेनें जाते त्या वाटेस? ह्या तिन्ही गोष्टी एकच आहेत असें आपण धरून चालतों. त्या एक नाहींत; आणि त्यांतील भेद न ओळखल्यामुळें पुष्कळ वेळां आपला आश्रयच कलेच्या मूळ धारकांस बाजूस सारतो, असें दाखविण्याचा ह्या लेखांत आमचा हेतु आहे. उदाहरण आम्ही जवळचेंच घेतों, वारल्यांच्या चित्रकलेचें.

आम्ही भिवंडीस राहतों आणि तेथील एका कॉलेजांत शिकवितों. भिवंडी म्हटली कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें यंत्रमाग उभे राहतात, आणि तें योग्यच आहे; रात्रीं दोन वाजतांहि त्यांची खडखड आमच्या खिडकींतून ऐकूं येते. परंतु शहराची हद्द ओलांडून कांहीं कोस गेलें कीं त्याच तालुक्यांत वारली, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर ह्यांचे पाडे लागतात. आमच्या हाताखालीं शिकलेल्या एका वारली तरुणानें कांहीं वर्षांपूर्वीं आपल्या धाकट्या भावाच्या लग्नास आम्हांस आग्रहानें बोलाविलें. आम्ही आदल्या दिवशींच जाऊन पोंचलों. घराच्या आंतल्या अंधाऱ्या खोलींत, शेणानें सारवून गेरूनें रंगविलेल्या कुडाच्या भिंतीवर, त्याची आई आणि शेजारच्या दोघी सवाशिणी लग्नाचा चौक काढीत होत्या. तांदुळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोंक चेचलेली बांबूची काडी, आणि तोंडानें गाणें. एकीची रेघ जेथें थांबे तेथून दुसरी ती पुढें नेई. आम्हीं आमच्या संवयीप्रमाणें विचारलें, "ह्यांत चित्रकार कोण?" त्या हंसल्या. चौक सवाशिणी काढतात, एवढेंच उत्तर मिळालें. मग आम्हीं, अगदीं चांगल्या हेतूनें, पिशवींतून बरोबर आणलेला जाड कागद काढला, आणि हाच चौक आम्हांस ह्यावर काढून द्यावा, त्याचे योग्य पैसे आम्ही देऊं, असें त्या माउलीस सांगितलें. तिनें कागद हातांत घेतला, उलटून पाहिला, आणि मुलाकडे दिला. तो शिकलेला आहे, तो काढील, असें ती म्हणाली.

महिन्याभरानें चित्र आलें. तें सुरेख आहे. आज तें आमच्या बैठकीच्या खोलींत कांचेंत लाविलेलें आहे, आणि त्याच्या कोपऱ्यांत त्या तरुणाची सही आहे. सहींत असत्य कांहीं नाहीं, कारण चित्र त्यानेंच काढलें. परंतु चौकटीची नक्षी, देवीची आकृति, झाडांची मांडणी हें सर्व तो ज्या भिंतीवर पाहून शिकला ती भिंत त्याच्या आईच्या हातची होती. पैसे आम्हीं त्यास दिले. तिला कांहींच दिलें नाहीं, आणि द्यावयास पाहिजे होतें हें त्या वेळीं आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं. आमच्या ह्या लहानशा व्यवहारांत जें घडलें तेंच गेल्या पन्नास वर्षांत मोठ्या प्रमाणावर घडलें आहे, असें पुढें ह्या विषयाचें वाचन करूं लागल्यावर आम्हांस दिसून आलें.

वारली चित्र म्हणजे तारप्याभोंवतीं फेर धरून नाचणारीं त्रिकोणी माणसें, अशी शहरांतील सर्वसाधारण समजूत आहे. तो नाच चित्रांत असतोच. परंतु ह्या कलेचें मूळ स्थान लग्नाचा चौक हें होय. चौकाच्या मध्यभागीं पालघट देवी, तिच्याभोंवतीं नक्षीच्या पट्ट्या, बाहेर झाडें, जनावरें, माणसें. शेजारीं लहानसा देवचौक, आणि त्यांत पंचशिऱ्या देव. चौक निघाल्यावांचून लग्न लागत नाहीं. तो काढण्याचा मान सवाशिणींचा, आणि लग्नविधि चालविणारी धवलेरीहि स्त्रीच. लग्न झाल्यावर तें चित्र कोणी जपून ठेवीत नाहीं. चुलीच्या धुरानें आणि पुढच्या सारवणानें तें आपोआप पुसलें जातें. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. येथें जतन होत असे तें चित्राचें नव्हे, तर चित्र काढण्याच्या रीतीचें. पुसलें जाणें हाच त्या जतनाचा एक भाग होता, कारण भिंत पुसली गेली म्हणूनच पुढच्या लग्नांत ती पुन्हां काढावी लागे, आणि ती काढतांना शेजारीं बसलेली मुलगी शिके. यशोधरा दालमिया ह्यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत ह्या विधीचें बारकाईनें वर्णन केलें आहे. जिज्ञासूंनीं तें अवश्य पहावें.

आतां ह्या भिंतीवर कागद कसा आला तें पाहूं. १९६६-६७ च्या सुमारास बिहारांत मोठा दुष्काळ पडला. त्या वेळीं हातमाग व हस्तकला ह्यांच्या सरकारी कामाच्या सूत्रधार असलेल्या पुपुल जयकर ह्यांनीं मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी ह्यांस मधुबनीकडे पाठविलें. तेथील स्त्रिया घराच्या भिंतींवर जीं चित्रें काढीत तीं त्यांनीं कागदावर काढावीं, म्हणजे तीं विकून घरांत चार पैसे येतील, अशी ती योजना होती. हेंच कुलकर्णी पुढें १९७० नंतरच्या वर्षांत डहाणूच्या वारली पाड्यांत गेले. कागद व रंग त्यांनीं तेथेंहि नेले. तेथें त्यांस गंजाडजवळच्या पाड्यावरील जिव्या सोमा मशे ह्यांचा हात दिसला. १९७५ सालीं मुंबईच्या केमोल्ड गॅलरींत मशे ह्यांचीं चित्रें लागलीं, १९७६ सालीं त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढें परदेशांत प्रदर्शनें झालीं, २००९ सालीं नेदर्लंडचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि २०११ सालीं पद्मश्री. २०१८ सालीं ते निवर्तले.

मशे ह्यांच्या थोरवीविषयीं आमच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं, आणि ह्या लेखांतील कोणत्याहि वाक्याचा अर्थ त्यांस उणेपणा आणणारा असा कोणी करूं नये. १९३४ सालीं जन्मलेल्या ह्या मुलाची आई लहानपणींच गेली, आणि तो बोलेनासा होऊन धुळींत रेघा काढून आपलें म्हणणें सांगूं लागला, अशी त्यांच्याविषयींची हकीकत आहे. शेणानें सारवलेल्या कापडावर पांढऱ्या रंगानें काढलेलें त्यांचें मासेमारीच्या जाळ्याचें चित्र ज्यानें पाहिलें आहे त्यास, एका बारीक रेघेच्या पुनरुक्तींतून पाण्याचा विस्तार कसा उभा राहतो, हें सांगावें लागणार नाहीं. चौकाच्या ठराविक चौकटींतून बाहेर पडून त्यांनीं शेत, जंगल, मुंग्या, पाऊस ह्यांस चित्रांत आणलें. परंपरेंतून वर येऊन परंपरेस नवें वळण देणारा असा कलावंत पिढींत एखादाच निपजतो, आणि त्यास मिळालेला प्रत्येक सन्मान योग्यच होता.

परंतु एका थोर कलावंताचा सन्मान झाला म्हणजे कलेस आश्रय मिळाला, असें अनुमान आपण काढलें. तें मात्र सदोष आहे. मशे ह्यांच्या मागून जे शेंकडों तरुण कागदावर चित्रें काढूं लागले ते बहुतेक पुरुष होते. ज्या सवाशिणींचा तो मान होता त्या मागें राहिल्या. हा दोष केवळ कागदाचा म्हणावा तर मधुबनीचें उदाहरण आड येतें. तेथें तोच कागद, तोच पाठविणारा आणि तोच नेणारा. परंतु जगदंबादेवींस १९७५ सालीं, सीतादेवींस १९८१ सालीं आणि गंगादेवींस १९८४ सालीं पद्मश्री मिळाली, आणि तेथील चित्रकला जगास स्त्रियांच्याच नांवांनीं माहीत झाली. तेव्हां फरक पडला तो अन्यत्र. आमच्या मतें तो असा: मधुबनींत प्रारंभींच कागद आणि मोबदला हीं दोन्हीं स्त्रियांच्या हातीं पडलीं, आमच्या डोंगराळ भागांत शहराशीं बोलणें, प्रदर्शनास जाणें, अधिकाऱ्यापुढें कागदावर सही करणें हीं कामें पुरुषांकडे होतीं, म्हणून चित्रहि हळूहळू त्यांच्याकडे गेलें. अलीकडे कांहीं वारली स्त्रियाहि कागदावर काढूं लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि आश्रयाचें दान ज्या हाताशीं प्रथम थांबतें त्या हातांत कला जाऊन बसते, हा धडा त्यांतून घ्यावयासारखा आहे.

महाराष्ट्राच्या वाङ्मयाच्या इतिहासांतहि असा एक दाखला आहे. पेशव्यांच्या वेळीं श्रावणमासांत शास्त्रीपंडितांस जी दक्षिणा वांटली जाई ती इंग्रजी राज्यांतहि निराळ्या रूपानें चालू राहिली. १८४९ सालीं लोकहितवादी आदि सुधारकांनीं तींतील कांहीं रक्कम मराठी ग्रंथकारांस बक्षीस म्हणून द्यावी असा अर्ज केला, आणि १८५१ च्या सुमारास दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. त्यापासून मराठी गद्याचें जें हित झालें तें सर्वश्रुत आहे. आम्हीहि त्या उपकाराचे भागीदार आहों. परंतु हेंहि खरें कीं, पैसा मुखोद्गत विद्येकडून छापील पुस्तकाकडे वळतांच विद्वत्तेचें रूपच पालटलें. दक्षिणेचा पैसा कोणत्या रूपांतल्या विद्येस द्यावयाचा हें ठरवितांना आपण विद्येचेंच पुढील रूप ठरवीत होतों. तेथें तो निर्णय विचारपूर्वक, वादविवादानंतर झाला. वारल्यांच्या बाबतींत तो कोणी विचारपूर्वक घेतलाच नाहीं. तो आपोआप होऊन गेला.

आज चालू असलेल्या योजनांकडे ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. केंद्र सरकारची वृद्ध कारागिरांस निर्वाहवेतन देण्याची जी योजना आहे तिचा लाभ राष्ट्रीय वा राज्य पुरस्कार अथवा तत्सम प्रशस्तिपत्र मिळालेल्या कारागिरांसाठीं आहे. महाराष्ट्र सरकार वृद्ध साहित्यिक व कलावंतांस मानधन देतें, आणि २०२४ सालीं तें सर्वांस सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यांत आलें, ही आनंदाची गोष्ट. परंतु त्यासाठींहि आपण कलेची दीर्घ काळ सेवा केल्याचा पुरावा द्यावा लागतो. आतां ज्या सवाशिणीनें पन्नास वर्षें लग्नाचे चौक काढले तिनें पुरावा कोणता द्यावा? तिचें प्रत्येक चित्र धुरानें पुसलें गेलें. तिनें तें विकलें नाहीं, म्हणून पावती नाहीं. प्रदर्शनांत मांडलें नाहीं, म्हणून कात्रण नाहीं. तिघींनीं मिळून काढलें, म्हणून सही नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेंत १८ व्यवसायांची यादी आहे. सुतार, लोहार, कुंभार, टोपल्या विणणारे, बाहुल्या करणारे हे सर्व तींत आहेत, आणि ते असावेतच. भिंतीवर चौक काढणारीचें नांव तींत नाहीं. कोणी मुद्दाम वगळलें असें नव्हे. व्यवसाय, वस्तु आणि नांव ह्या तीन खुंट्यांवरच आमच्या सर्व योजना टांगलेल्या असल्यामुळें जिच्यापाशीं ह्या तीनांपैकीं एकहि नाहीं ती त्यांच्या नजरेस पडत नाहीं.

वस्तूस दिलेल्या आश्रयाची कथा तर भिवंडीच्या माणसास दुसऱ्यानें सांगावयास नको. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून जीं मोमीन विणकरांचीं कुटुंबें दक्षिणेकडे आलीं त्यांतील पुष्कळ भिवंडींत व मालेगांवांत स्थायिक झालीं. त्यांच्या हातमागांवर हें गांव वाढलें. पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईच्या गिरण्यांनीं मोडींत काढलेले माग येथें येऊं लागले, आणि हातमागवाल्यानेंच ते घेतले. पोटासाठीं घेतले, त्यांत त्याचा अपराध नाहीं. १९८५ सालीं संसदेनें कायदा करून कांहीं प्रकारचें कापड केवळ हातमागासाठीं राखून ठेविलें. प्रथम त्या यादींत २२ प्रकार होते, नंतर ते ११ राहिले. कायदा चांगल्या हेतूनें झाला; परंतु त्यानें राखली ती वस्तूची व्याख्या. अमुक किनारीची साडी हातमागावरच विणावी, असें सांगतां येतें. पण विणणाऱ्याचा मुलगा मागावर बसेल कीं नाहीं, हें त्या यादीस ठरवितां येत नाहीं. भिवंडींत तर तो मुलगा कधींच उठून गेला होता.

वारली चित्रकलेसहि २०१४ सालीं भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली आहे. परक्यानें ह्या नांवाचा गैरवापर करूं नये म्हणून ती उपयोगी आहे, आणि ती मिळविण्यासाठीं आदिवासी तरुणांनीं केलेले श्रम स्तुत्य आहेत. परंतु आमच्या गांवच्या बाजारांत पडद्यांच्या कापडावर तोच तारप्याचा नाच हातागणिक छापलेला मिळतो. घेणारा त्यास वारली म्हणूनच घेतो, आणि त्या पडद्याच्या किंमतींतील छदामहि कोणत्याहि पाड्यावर जात नाहीं. वस्तूचें रूप उचलून नेतां येतें. तें कितीहि कुंपण घातलें तरी कोठून तरी निसटतें. जी गोष्ट उचलून नेतां येत नाहीं ती म्हणजे शेजारीं बसून शिकणें. तेव्हां आश्रय द्यावयाचा तर तो तेथें द्यावा, असें आमचें मत आहे.

असा आश्रय देतां येतो ह्यास परदेशांत आधार आहे. जपाननें १९५० सालीं सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला, आणि १९५४ पासून, इमारती व मूर्ति ह्यांच्याप्रमाणेंच, हातांतील विद्येसहि ठेवा मानून तिच्या धारकांस सरकारी मान्यता देण्यास आरंभ केला. लोक त्यांस जिवंत राष्ट्रनिधि म्हणतात. मान्यता पावलेल्या व्यक्तीस वर्षास २० लक्ष येन मिळतात. परंतु ते बक्षीस म्हणून नव्हे, तर विद्या वाढवावी व शिष्य तयार करावे म्हणून. आणि आमच्या दृष्टीनें त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, जी विद्या एकाच्या नांवावर सांगतां येत नाहीं तिच्यासाठीं त्या कायद्यांत संपूर्ण समूहास धारक म्हणून मानण्याची सोय आहे. तिघी सवाशिणींची रेघ जेथें एकमेकींत मिसळते तेथें हीच सोय पाहिजे. आमच्याकडेहि प्रादेशिक सांस्कृतिक केंद्रांमार्फत गुरुशिष्य परंपरेची योजना चालते. तींत गुरूस दरमहा ७,५०० व शिष्यास १,५०० रुपये देण्यांत येतात. कल्पना उत्तम आहे. रक्कम मात्र अशी कीं ती घेऊन शिकणाऱ्या मुलास, शेजारच्या गोदामांत माल उचलून त्याच्या कितीतरी पट मिळत असतांना, शिकत राहणें म्हणजे उपाशी राहणें होय. भिवंडीच्या रस्त्याला दुतर्फा उभीं राहिलेलीं गोदामें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस ह्याचा अर्थ कळेल.

ह्या आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्हीं विचारांत घेण्याजोगे आहेत. पहिला असा: तुम्ही दिवाणखान्यांत बसून वारल्यांनीं भिंतीवरच चित्रें काढावीं असें म्हणतां, परंतु कागदावरच्या चित्रांनीं त्या मुलांचीं पोटें भरलीं, त्यांच्या शाळा झाल्या, त्यांस समाजांत मान मिळाला. हें अक्षरशः खरें आहे. ज्यांनीं गोदावरी परुळेकर ह्यांचें 'जेव्हां माणूस जागा होतो' हें पुस्तक वाचलें आहे त्यांस, १९४५ पूर्वींच्या वेठबिगारींत ह्या लोकांनीं काय सोसलें हें ठाऊक आहे. त्या काळच्या अस्पर्शित कलेची आठवण काढून उसासे टाकणें हा आम्हांस निर्दयपणा वाटतो. म्हणून कागदाचा आश्रय कमी करावा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, झाडाचें फळ विकत घेणाऱ्यानें मुळाशीं पाणी घालण्याचा विचार अगदींच सोडूं नये. विकणाऱ्या मुलाच्या चित्रांतहि जो जिवंतपणा आहे तो त्यानें लहानपणीं पाहिलेल्या भिंतींतून आला. आणि ज्या मुलानें भिंत कधीं पाहिलीच नाहीं, केवळ छापील पडदे पाहिले, त्याच्या हातून पुढें पडद्यासारखेंच चित्र निघेल. आज बाजारांतील पुष्कळशा वारली चित्रांत जो एकसुरीपणा दिसतो, तोच फेर, तीच बैलगाडी, तेंच झाड, त्याचें कारण आम्हांस येथें दिसतें.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. चौक हा धर्मविधि आहे. त्यास पैसे दिले तर तो विधि राहणार नाहीं, नोकरी होईल. हें आम्हांस मान्य आहे, आणि चौकास पैसे द्यावे असें आम्ही सुचवीत नाहीं. लग्नांतील चौकाचा मोबदला काय असावा हें त्यांच्या रीतिरिवाजानें ठरलेलें आहे, आणि तेथें आपण बोट घालूं नये. परंतु लग्नाखेरीजच्या दिवसांत, पाड्यावरील मुलींस बसवून चौकाची नक्षी आणि गाणीं शिकवावीं असें त्या स्त्रियांस वाटलें, तर त्या दिवसांची मजुरी बुडते ती भरून देण्यांत कोणता अधर्म होतो? शेतमजुरीस जाणारी बाई एक दिवस घरीं बसली तर तिचा रोज जातो. शिकविणें बंद पडतें तें भक्ति कमी झाल्यामुळें नव्हे, तर बहुधा ह्या रोजामुळें.

आणखी एक गोष्ट आहे, ती भिंतीची. सरकारी घरकुल योजनेंतून पाड्यांवर विटा-सिमेंटचीं घरें उभीं राहत आहेत. पावसांत गळणाऱ्या कुडाच्या झोंपडींत कोणी राहावें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीवर तांदुळाचें पीठ नीट धरत नाहीं, आणि तेथें मग चौक कागदावर काढून चिकटविला जातो, किंवा कोणी रंगाचा डबा आणतो. प्रत्येक पाड्यावर एक सामायिक जागा, एकच कुडाची सारवलेली भिंत, पाड्याच्या ताब्यांत ठेवण्यास असा कितीसा खर्च येणार आहे? कुडास कारवी लागते, काडीस बांबू लागतो, आणि तीं दोन्हीं जंगलांतून येतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानें आदिवासींस जे सामूहिक हक्क दिले आहेत ते प्रत्यक्षांत त्यांच्या हातीं येणें हाहि आमच्या मतें कलेस दिलेला आश्रयच होय, जरी कोणत्याहि कलाखात्याच्या अंदाजपत्रकांत तो दिसणार नाहीं. आनंद कुमारस्वामी ह्यांनीं १९०९ सालीं हिंदी कारागिरांवर जें पुस्तक लिहिलें त्यांत कारागिरास त्याच्या गांवाच्या आणि समाजाच्या रचनेपासून निराळा काढून पाहतां येत नाहीं, हाच विचार मांडला आहे. शंभर वर्षें उलटून गेलीं, तरी आमच्या योजना कारागिरास एकटाच उचलून प्रदर्शनांत आणून बसवितात.

ह्या सर्वांत त्या लोकांचा शब्द कोठें आहे, हा प्रश्न उरतोच. १९५२ सालीं स्थापन झालेलें अखिल भारतीय हस्तकला मंडळ, ज्याच्या अध्यक्षस्थानीं कमलादेवी चट्टोपाध्यायांसारखी स्त्री वर्षानुवर्षें होती, तें २०२० सालीं बरखास्त करण्यांत आलें. मंडळांत दोष नव्हते असें नाहीं. परंतु कारागिरांची बाजू सरकारच्या कानांवर घालण्याचें एक स्थान तरी तें होतें. त्या जागीं दुसरें कांहीं यावयाचें असेल तर त्यांत पुरस्कार मिळालेल्यांच्या बरोबरीनें पुरस्कार न मिळालेल्याहि बसाव्या, आणि पैसा कोणास द्यावयाचा हें ठरवितांना पाड्याच्या ग्रामसभेस प्रथम विचारलें जावें, असें आम्ही सुचवितों. त्यांचें उत्तर आमच्या अपेक्षेहून निराळें येईल, हा संभव आहे. चौक शिकविण्यास पैसे नकोत, त्यापेक्षां पाड्यापर्यंत रस्ता द्या, असें त्या म्हणतील. तर तो रस्ता द्यावा. आश्रय देणाऱ्यानें घेणाऱ्याची गरज त्याच्याहून अधिक आपणांस कळते असें मानणें हा आश्रयाचा सर्वांत जुना दोष आहे, आणि तो आमच्यांतहि आहे हें आम्हीं वर कबूल केलेंच आहे.

आमच्या सुशिक्षित वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं आतां एखादें तरी वारली चित्र असेल. त्यांस आमची एवढीच विनंति कीं, पुढचें चित्र घेतांना किंमत ठरविण्यापूर्वीं विकणाऱ्यास विचारावें, हें तुम्ही कोणापाशीं शिकलां? बहुधा आई, आजी, मावशी, आत्या असें उत्तर येईल. मग त्या आजीच्या पाड्यावर शिकविण्याचें कांहीं चालतें काय, चालत नसल्यास कशामुळें अडलें आहे, हेंहि विचारावें. चित्राच्या किंमतीचा दहावा हिस्सा जरी त्या कामाकडे वळला तरी तो आजच्या अनेक योजनांहून अधिक नेमका पोंचेल.

असो. मागील वर्षीं आम्ही त्या पाड्यावर पुन्हां गेलों होतों. आमच्या विद्यार्थ्याच्या घरास आतां पक्क्या भिंती आहेत. त्याची आई थकली आहे. तिला दृष्टि कमी झाल्यामुळें बारीक रेघ काढतां येत नाहीं, म्हणून ती बाजूस बसून सांगते आणि सून काढते. आमच्या खोलींतील चित्राविषयीं आम्हीं तिला सांगितलें, आणि इतक्या वर्षांनीं तिच्या श्रमाचे म्हणून कांहीं पैसे पुढें केले. तिनें ते घेतले, मोजले, आणि तांदुळ सुनेनें कुटला आहे म्हणून त्यांतले निम्मे सुनेच्या हातांत ठेवले.